कॉम्प्युटरची डबी कधी घ्यायची

मी चौथी शिकले. पुढं शिकले नाही याचं मला काही वाटत नाही आणि कुणाला वाटत असेल तर त्यानं ते स्वतःजवळ ठेवावं. मला वाचता येतं, लिहिता येतं, आणि तीस वर्षं पाचोडच्या आठवडी बाजारात भाजी विकल्यामुळं समोरचा माणूस खरं बोलतोय का खोटं, ते त्यानं तोंड उघडायच्या आधी कळतं. निदान मला तसं वाटायचं. गेल्या वर्षी एक माणूस माझ्याशी सरळ खरं बोलला आणि मी त्याला खोटारडा ठरवून घरी आले. त्यात माझ्या सुनेचा धंदा बसायची वेळ आली. ते सांगते.

मुलगा चितेगावच्या कंपनीत लागला तेव्हा आम्ही पैठण रोडच्या बाजूला, शहराच्या टोकाला दोन खोल्या घेतल्या. पुढच्या खोलीत एका भिंतीला माझी बाज, दुसऱ्या भिंतीला सुनेचं टेबल. टेबलावर कॉम्प्युटर. सून त्यावर लग्नपत्रिका करते. शहरातला एक छापखानेवाला तिला फोनवर मजकूर पाठवतो, ती तो नीट मांडून परत पाठवते, तो छापतो. ऐकायला सोपं वाटतं. वर गणपती, मग कुलदैवत, मग नवरा-नवरी, मग मुहूर्त, इथपर्यंत सोपंच आहे. खरी पत्रिका त्याच्या खाली सुरू होते. आजोबा, काका, मामा, भाऊजी, सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचा चेअरमन, आणि सगळ्यात शेवटी लहान पोरांची नावं. लग्न दोघांचं आणि कागदावर साठ माणसं. एक नाव राहिलं की तो माणूस लग्नात जेवत नाही, आणि जेवला तर वाढणाऱ्याकडं बघत नाही.

कॉम्प्युटर मुलानं कंपनीतल्या कुणाचा तरी जुना आणलेला. सून सकाळी बटण दाबायची आणि मोरीत कपडे भिजवायला जायची. कपडे भिजवून, बादली भरून आली तरी पडद्यावर ते गोल फिरतच असायचं. मग एक मामा लिहिला की थांब. दुसरा मामा लिहिला की थांब. नवरा-नवरीचा फोटो घातला की बाईनं उठून वरण फोडणीला टाकावं आणि परत यावं. मी बाजेवर बसून बघायचे. मला वाटायचं, कॉम्प्युटर असाच असतो.

गौरी-गणपती झाल्यावर एकदा तो पार थांबला, तेव्हा मुलानं दुरुस्तीवाल्याला बोलावलं. हा खुलताबादचा, माझ्या मुलाच्याच वयाचा, दाढीला मेंदी लावलेला, स्कूटरवर येणारा. त्यानं कॉम्प्युटरची एक बाजू उघडली, आत फुंकर मारली, स्वतःच खोकला आणि मला म्हणाला, "अम्मा, मशीन अच्छी है. खाली इसकी डिस्क बुढ्ढी हो गई."

"बुढ्ढीवर घसरू नको. काय झालं ते सांग."

मग त्यानं सांगितलं. आत एक थाळी असते, ती गरगर फिरते, तिच्यावर एक सुई असते, आणि लिहिलेलं सगळं त्या थाळीवर असतं. कुठलाही मामा पाहिजे असला की सुईनं तो थाळीवर शोधायचा. आता थाळी म्हातारी झाली, सुईला मामा लवकर सापडत नाही. नवीन निघालीय तिला एसएसडी म्हणतात. पानाच्या डबीएवढी असते आणि तिच्यात काहीच फिरत नाही.

"फिरत नाय तर काम कसं करतंय?"

"बगैर फिरेच करती अम्मा. बटण दाबा की हजर."

फिरून काही काम न करणारे मी पुष्कळ पाहिलेत. जागेवर बसून काम करणारं पहिल्यांदाच ऐकत होते. त्यानं कागदाच्या चिठोऱ्यावर डबीचं नाव लिहून दिलं आणि जाताना म्हणाला, "अभीच लेलो अम्मा. भाव बढ़ने की बात चल री बजार में."

सुनेनं त्याच दिवशी पैसे काढून माझ्या हातात दिले. तिचेच पैसे, तिच्याच पत्रिकांचे. पण आमच्या घरात वस्तू कधी घ्यायची ते मी ठरवते. मालक होते तेव्हाही मीच ठरवायचे. फ्रीज, मोटरसायकल, मिक्सर, सगळं माझ्या शब्दावर आलं आणि एकही वस्तू महाग पडली नाही. कारण मला माहीत होतं की कुठलीही गोष्ट सकाळी घ्यायची नसते. बाजार भरतो तेव्हा भाव विकणाऱ्याचा असतो. दिवस कलला, लोक पोती झटकायला लागले, की भाव घेणाऱ्याचा होतो. मी स्वतः सकाळी ज्या भावानं मेथी दिली त्याच्या निम्म्यानं संध्याकाळी दिलीय, आणि वर दोन कोथिंबिरीच्या काड्या दिल्यात. हे ज्ञान मी दुसऱ्या बाजूनं वापरायचे, एवढंच.

म्हणून मी दोन दिवसांनी, ऊन उतरल्यावर, स्वतः गेले. पैठण गेटजवळ एका गल्लीत कॉम्प्युटरची दुकानं आहेत. दुरुस्तीवाल्यानं सांगितलेल्या दुकानात गेले. काउंटरमागं एक जाडजूड माणूस, कानाला फोन.

"काय पाहिजे, मावशी?"

मी चिठोरा दिला. त्यानं एक छोटा खोका काढून समोर ठेवला. "तीन हजार दोनशे."

"आणि दुकान बंद करताना?"

"म्हणजे?"

"म्हंजे शटर ओढताना काय भाव?"

त्यानं फोन कानावरून काढला. "तोच."

"बघू," म्हणून मी तिथल्या स्टुलावर बसले.

दीड तास बसले. गिऱ्हाईकं आली, गेली. कुणी वायरी नेल्या, कुणी चार्जर. मी लक्ष ठेवून होते की तो दमतो कधी. त्यानं मला दोनदा पाणी दिलं. मग स्वतःच म्हणाला, "मावशी, घ्यायची तर आजच घ्या. वरून माल कमी येऊन राहिला. ते एआयचं निघालंय ना, त्यांच्या मोठमोठ्या कंपन्या सगळा माल उचलायला लागल्या. पुढच्या महिन्यात ही चार हजाराला जाईल."

मला हसू आलं. माल कमी आहे हे वाक्य मी तीस वर्षं, दर आठवड्याला, दिवसातून शंभरदा बोललेय. "बाई, आज वांगी कमी आली, घ्यायची तर आत्ता घे, परत येशील तर टोपली उपडी दिसंल." हे म्हणताना माझ्या पाठीमागं ओल्या पोत्याखाली दोन टोपल्या वांगी झाकलेली असायची. माझंच वाक्य हा जाडा मला ऐकवत होता.

"काउंटरखाली काय ठेवलंय?" मी विचारलं.

"माझे पाय."

"पायामागं?"

तो चांगल्या घरचा असावा. उठला, बाजूला झाला आणि मला वाकून बघू दिलं. वायरींचं भेंडोळं होतं, एक फुटका कीबोर्ड होता आणि त्याचा जेवणाचा डबा होता. मी मनात म्हटलं, गोदाम दुसरीकडं असंल.

त्यानं शटर अर्धं ओढलं. मी उठले. "आता बोल."

"तीन हजार दोनशे. मावशी, हे वांगं नाही. रात्रीतून नासत नाही."

"मग तुला घाई नाय. मला बी नाय."

आणि निघाले. हळू निघाले, कारण बाजारात गिऱ्हाईक दहा पावलं गेलं की मागनं हाक येते. दहा पावलं झाली. वीस झाली. रसवंतीपर्यंत गेले, तिथं चप्पल झटकायच्या निमित्तानं थांबले आणि वळून बघितलं. तो शटरला कुलूप लावून स्कूटरवर बसून उलट्या दिशेनं निघून गेलेला.

घरी सून दारातच उभी होती. "आणली का, आत्याबाई?"

"उतरंल."

"कोण उतरंल?"

"भाव."

आत जाऊन तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं, ते शेजारच्यांना पण ऐकू गेलं असेल.

तिसऱ्या दिवशी पितृपक्ष लागला. पितरांत आम्ही घरात नवीन काही आणत नाही, केरसुणीसुद्धा नाही. मुलगा म्हणाला, "माय, दुकानातून नको तर ऑनलाईन मागवतो. पार्सल येईल."

"पार्सल काय पितरांना चुकवून येतंय व्हय? घरातच येतंय ना?"

तो शिफ्टला निघून गेला. आमचा मुलगा वादात पडत नाही. वाद दिसला की त्याची शिफ्ट असते.

पंधरा दिवस संपले, घट बसले, मी परत गेले. डबी तीन हजार आठशे. मी म्हटलं, नवरात्राची गर्दी आहे, सगळेच चढवतात. दसऱ्याला चार हजार दोनशे. आता इथं माझं दुसरं ज्ञान आडवं आलं. टोमॅटो चढतो तेव्हा लोक रडतात आणि घेतात. मी कधी घेतला नाही. तीन आठवडे चिंचेचं सार केलं, चौथ्या आठवड्यात तोच टोमॅटो लोक रस्त्यावर ओतताना बघितला. चढलेली वस्तू उतरते. थांबायची ताकद पाहिजे. मला चिक्कार आहे.

दिवाळीत तो दुकानदार मला गल्लीच्या तोंडाशी बघूनच हाताची बोटं दाखवायला लागला. चार बोटं आणि अर्धं. पुढच्या वेळी पाचही. मी रिक्षातून उतरायचे, बोटं बघायचे आणि त्याच रिक्षानं परत यायचे. रिक्षावाला म्हणाला, "आजी, तुम्ही यांच्याकडं फक्त हात बघायला येता का?"

दुरुस्तीवाला मधून मधून येऊन म्हाताऱ्या थाळीला काहीतरी करून जायचा. त्यानं एकदा चहा पिता पिता सल्ला दिला. "अम्मा, एक काम करो. उस दुकानवाले कू बोलो, कॉम्प्युटर नक्को बेच, टमाटे रख ले. फिर तुम्हारा जमेगा."

सून त्याच्यासमोर हसली. मग माझ्याकडं न बघता पडद्याकडं बघून म्हणाली, "आत्याबाईंचा भाव उतरला की सांगा म्हणावं. तवर मी या चौथ्या काकाची वाट बघते."

तो चौथा काकाच आमच्या घरावर उलटला.

पत्रिका करताना सून दर वेळी नवीन कागदापासून सुरुवात करत नाही. जुनी एखादी झालेली पत्रिका उघडते, तिच्यावरची नावं खोडून त्या जागी नवीन लोकांची नावं घालते. सगळे असंच करतात. दिवाळीनंतर पाचोडकडची एक पार्टी आली. त्यांच्यासाठी तिनं जी जुनी पत्रिका घेतली, तिच्यातला चौथा काका वारलेला होता, म्हणून त्याच्या नावाआधी 'कै.' होतं. या पार्टीचे पाचही काका धडधाकट. सुनेनं नाव बदललं, 'कै.' पण काढलं. मी बाजेवरून बघत होते, काढलंच होतं. पण ते पक्कं व्हायच्या आधी कॉम्प्युटर थांबला. बंद करून चालू केला तेव्हा नाव नवीन आलं आणि 'कै.' जुनं राहिलं. सकाळपासून तिसऱ्यांदा थांबला होता, छापखान्यातून चार फोन येऊन गेले होते, तिनं घाईत ते तसंच पाठवून दिलं.

छापखानेवाल्यानं नमुना मुलीच्या बापाला पाठवला. बापानं न वाचता घरच्या ग्रुपवर टाकला. आणि घरच्या ग्रुपवर लोक नवरा-नवरी वाचत नाहीत, आपलं नाव कुठं आहे ते वाचतात. ते वाचताना चौथ्या काकाच्या आधीचं 'कै.' दिसलं. पंधरा मिनिटांत हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. भावपूर्ण श्रद्धांजली. देव आत्म्यास शांती देवो. पुण्याच्या पुतण्यानं लिहिलं, कधी झालं, आम्हाला कळवलंसुद्धा नाही. एका भाचीनं रडत रडत काकाच्या घरी फोन लावला. फोन काकानंच उचलला. तो "हॅलो, कोण?" म्हणाला तशी तिनं फोन टाकून दिला.

काका मोटरसायकल काढून थेट छापखान्यात गेला. छापखानेवाल्यानं तिथून आम्हाला फोन लावला. सुनेनं फोन टेबलावर ठेवला, त्यामुळं मला सगळं ऐकू येत होतं.

आधी काका बोलला. "कोण बाई आहे ती? मी जिवंत आहे म्हणावं!"

"चुकलं, काका," सून म्हणाली. "माफ करा. आत्ता दुरुस्त करते."

"कागदावर दुरुस्त करशील. त्या ग्रुपवर कोण करणार? सासुरवाडीची माणसं निघाली होती माझ्याकडं यायला. गाडी केली होती त्यांनी!"

मग छापखानेवाल्याचा आवाज आला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "ताई, तुमच्या कामाला मी नाव ठेवत नाही. पण तुळशीचं लग्न आठवड्यावर आलं. मग माझ्याकडं दिवसाला पाच-पाच पत्रिका येतात. तुमच्याकडून एक यायला दिवस लागतो. सिडकोत एक मुलगी आहे, ती दोन तासांत देते. सोमवारी तिला एक काम देऊन बघतो. तुम्हाला पण एक देतो. मशीनचं काही झालं तर बघा, नाहीतर या सीझनला माझा इलाज नाही."

तो शुक्रवार होता.

सून रडली नाही. तिनं कॉम्प्युटर बंद केला, त्याच्यावर ओढणी टाकली, जशी पिंजऱ्यावर टाकतात तशी. "आत्याबाई, मी चितेगावला जाते. तिथं बायकांची पॅकिंगची लाईन आहे. सकाळची गाडी असते."

"आन भाकरी?"

हे माझ्या तोंडातून पहिलं निघालं. लपवत नाही. सुनेचा धंदा चालला, याच्या आधी मला भाकरी आठवली.

"भाकरी तुम्ही थापा," ती म्हणाली. "भाव उतरंपर्यंत."

मी बाजेवर पडून राहिले. माझी चूक झाली असं मला तोवर वाटत नव्हतं. माझं चुकलं नव्हतं, भावाचं चुकलं होतं. पण त्या सिडकोतल्या मुलीचं ऐकल्यापासून मला लसूणवाली आठवायला लागली.

पाचोडच्या बाजारात माझी बसायची एक जागा होती. कुणी लिहून दिलेली नव्हती, पण बसून बसून माझी झालेली. लिंबाखाली, रस्ता वळतो तिथं. उतरणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी माझ्या टोपलीवरून जायचं. एका पावसाळ्यात मला टायफॉईड झाला, तीन बाजार मी गेले नाही. चौथ्या बाजाराला गेले तर तिथं एक लसूणवाली बसलेली. मी म्हटलं, ऊठ, जागा माझी आहे. ती म्हणाली, होती. मी भांडले, तिच्या चार पिढ्या काढल्या, पण गिऱ्हाईकं तिच्याकडंच थांबायला लागली होती आणि ती कशाला उठेल? मी असते तर मीही उठले नसते. पुढं सहा वर्षं मी शेरडांच्या बाजाराशेजारी बसले. तिथं येणाऱ्या माणसाला मेथी नको असते.

तो छापखाना म्हणजे सुनेची लिंबाखालची जागा होती. आणि मी तिला दोन महिने, बाजारात जाऊ नको, अंथरायचं पोतं स्वस्त झाल्यावर जा, म्हणून घरात बसवून ठेवलं होतं.

मग मला तेही आठवलं की धंद्याला बसले तेव्हा तराजू मी सकाळी घेतला होता. भल्या सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या, सांगेल त्या भावानं. घासाघीस करायला थांबले असते तर दिवसभर कशात मोजून दिलं असतं? भाजी संध्याकाळी घेतात, तराजू कुणी संध्याकाळी घेत नाही. ती डबी तराजूत मोडत होती आणि मी तिला मेथीत धरून बसले होते. चौथी शिकलेल्या बाईला एवढं कळायला हरकत नव्हती.

सकाळी मी लुगडं बदललं आणि निघाले. सुनेला म्हटलं, "ती ओढणी काढ."

दुकानदारानं मला बघून पाच बोटं वर केली आणि दुसऱ्या हाताचं एक बोट अर्धं वाकवून जोडलं. साडेपाच. मी पायरी चढून वर गेले. "दे."

"बसणार नाही?"

"नाय."

त्यानं खोका काढला, पुसला. मी वरचे पैसे माझ्या कनवटीचे काढले. सुनेनं दिलेल्यात ती आता येत नव्हती आणि ती माझ्यामुळं येत नव्हती. पैसे मोजून देताना मला वार आठवला. शनिवार. शनिवारी आमच्यात लोखंड विकत घेत नाहीत, तेल आणि मीठ पण नाही. आणि रविवारी ती गल्ली बंद.

मी पैसे हातात तसेच धरले. "यात लोखंड किती हाय?"

"काय?"

"लोखंड. शनिवार हाय आज."

पण तोही इथलाच. त्यानं डबी खोक्यातून काढली, हातात तोलली, उलटी केली. "मावशी, वरचं कव्हर ॲल्युमिनियमचं. आत चिप असते, ती काही लोखंडाची नाही. एकदम हलकी आहे, बघा."

"आन हे?" खोक्यात एका इवल्याशा पिशवीत चार स्क्रू होते.

"हे लोखंडाचे," तो खरं बोलला. हा माणूस दर वेळी खरंच बोलत होता.

"ते राहू दे तुझ्याकडं."

"फुकट आहेत, मावशी. डबीसोबत येतात."

"फुकट येऊ दे नायतर वाजत गाजत येऊ दे. आज नकोत."

त्यानं स्क्रूची पिशवी गल्ल्यात टाकली आणि मला बिल दिलं.

रविवारी दुरुस्तीवाला सुट्टी सोडून खुलताबादहून आला. डबी जागेवर बसवली आणि हात पुढं केला. "स्क्रू?"

मी सांगितलं. तो पेचकस जुन्या थाळीकडं वळवून म्हणाला, "हौ अम्मा, सही है," आणि म्हाताऱ्या थाळीचे स्क्रू काढून डबीला लावले. ते घरातलेच होते, त्यांना वार लागत नव्हता. थाळीवरचं सगळं डबीत उतरवायला त्याला दुपार झाली. तेवढ्यात दोनदा जेवला. मग त्यानं बटण दाबलं आणि सुनेला म्हणाला, "बैठो बाजी." बाजी म्हणजे त्यांच्यात ताई. ती खुर्ची ओढेपर्यंत पडदा पूर्ण उजळून बसलेला. तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि परत चालू केला. मग परत बंद केला आणि परत चालू केला. असं पाच-सहा वेळा केलं. मी म्हटलं, "आता त्याला नवीन हाय तवर मोडू नको."

सोमवारी छापखान्यातून पत्रिका आली. दोन्ही घरचे राजकारणातले, त्यामुळं नावं सत्तरच्या वर. सुनेनं चहा थंड व्हायच्या आत नावं बसवली, 'कै.' दोनदा तपासले आणि मला वाचायला बोलावलं. मी बोट ठेवून प्रत्येक मेलेला आणि प्रत्येक जिवंत वाचून काढला. पाठवली. तासाभरानं छापखानेवाल्याचा फोन आला.

इथं मला सांगायला आवडलं असतं की सिडकोतली मुलगी हरली. ती हरली नाही. तिनंही वेळेत दिली, आणि तिची वेलबुट्टी जास्त चांगली होती म्हणे. छापखानेवाला म्हणाला, "ताई, आता तिला कामाला लावलंय तर एकदम नाही म्हणता येत नाही. निम्मी तिला, निम्मी तुम्हाला." लिंबाची निम्मी सावली गेली. गणपती झाल्यावर लगेच डबी आली असती तर पूर्ण राहिली असती. सून तसं म्हणाली नाही. मी म्हणाले. ती म्हणाली, "व्हय."

उरलेल्या निम्म्या वेळेत ती रडत बसली नाही. पैठण गेटजवळच्या आणखी एका छापखान्यात स्वतः जाऊन आली आणि त्यांच्या बारशाच्या, वास्तुशांतीच्या पत्रिका घेऊन आली. आता आमच्या पुढच्या खोलीत सकाळपासून पार्ट्या येतात. चितेगावच्या गाडीचं कुणी नाव काढत नाही. भाकरी तीच थापते, पण पूर्वीपेक्षा पातळ थापते.

महिनाभरानं एक दिवस मी बाहेरून आले तर दुरुस्तीवाला कॉम्प्युटर उघडून बसलेला आणि टेबलावर एक नवीन खोका.

"हे काय?"

"रॅम," सून म्हणाली. "मेमरी वाढवली. परवा घेतली."

"परवा अमावस्या होती."

"व्हय, होती."

"मला विचारलं नायस."

"नाय विचारलं."

दुरुस्तीवाल्यानं डोकं आणखी आत घातलं.

"कितीला घेतली?"

"नाय सांगणार," ती म्हणाली आणि आत चहा टाकायला गेली.

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला फरक पडला नाही, तिच्याकडं बोलायला पार्ट्या होत्या. तिसऱ्या दिवशी मी रिक्षा केली आणि पैठण गेटच्या त्या गल्लीत गेले. दुकानदार मला बघून उठला, पण त्यानं बोटं काही दाखवली नाहीत. दोन्ही हात खिशात घातले.

"रॅमचा काय भाव हाय?" मी विचारलं.

"मावशी, तुम्हाला सांगायचं नाही, असं ताई बजावून गेल्यात," तो म्हणाला, आणि बाहेर वाकून माझ्यासाठी एक चहा सांगितला.